शेळीपालन, भाग एक ते सेहेचाळीस

हे कुणालाही पटणार नाही, तेव्हा पटवून घ्यायच्या भानगडीत पडूच नका. मागे केळव्याच्या एका लग्नात ही हकीकत सांगायला घेतली, तर नवरदेवाचे मामा आचाऱ्याला म्हणाले, पंगत लवकर वाढा, म्हातारा भुकेनं बरळायला लागला. आज माहीमच्या या मांडवात तुम्ही सगळ्या जणी विड्याची पानं पुसायला बसल्या आहात. पानं दोन हजार, आणि हळद चार वाजता. तेव्हा हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. उषा, तू नवरीची मावशी, मानाची. पण बोईसरची आहेस म्हणून मध्ये मध्ये बोलायचं नाही. गोष्ट बोईसरची असली तरी सांगतोय मी.

साल शहाऐंशी. बोईसरला कारखान्यांच्या वसाहतीला लागून एक शाळा होती. नाव सांगत नाही, कारण शाळा अजून जागेवर आहे आणि मला त्या रस्त्यानं जावं लागतं. तिथे विश्राम राऊत ग्रंथपाल होते. ठाण्याला खेटे घालून त्यांनी ग्रंथपालनाचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, आणि प्रमाणपत्राला फ्रेम करून ते ग्रंथालयाच्या भिंतीवर लावलं होतं. तरी शिपाई चिंधूपासून हेडमास्तर सावे सरांपर्यंत सगळे त्यांना 'पुस्तकवाले सर' म्हणत. भांडीवाली म्हणावं तसं. विश्राम सरांना ते फार लागे. माणूस गरीब स्वभावाचा, पण स्वाभिमान दुखऱ्या अंगठ्यासारखा. घरभर फिरलं तरी उंबरठा नेमका त्यालाच लागणार.

ग्रंथालय म्हणजे शाळेतली सगळ्यात चांगली खोली. चार खिडक्या, समुद्राकडचा वारा, आणि चार लोखंडी कपाटं. कपाटांना चार कुलपं आणि किल्ल्यांचा जुडगा सरांच्या करदोट्याला. आत पुस्तकं होती ती सगळी देणगीची. पालघरचे एक पशुवैद्यक वारले, तेव्हा घरच्यांनी माळा रिकामा करून ती शाळेला दिली होती. शेळ्यांचे रोग, गाभण म्हशींची निगा, आणि 'कुक्कुटपालनातील अडचणी' या विषयावर तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली तीन पुस्तकं. अडचणी तिघांच्याही त्याच.

त्या वर्षीच्या जुलैत सावे सरांनी विश्राम सरांना बोलावलं आणि समोर देवघेव रजिस्टर उघडून ठेवलं. कुणी कुठलं पुस्तक नेलं त्याची नोंद या रजिस्टरात व्हायची. जूनपासून नोंदी अकरा. त्यातल्या नऊ खुद्द विश्राम सरांच्या. उरलेल्या दोन चिंधूच्या, आणि चिंधूला वाचता येत नव्हतं. दुपारी उशाला घ्यायला जाड पुस्तक लागे म्हणून तो न्यायचा. तेही रीतसर नोंद करून, हे त्याचं कौतुक.

सावे सर वाईट नव्हते. त्यांची अडचण अशी की, शाळेच्या चेअरमनच्या जावयानं कुठल्याशा लिलावात आठ टाइपरायटर घेतले होते आणि त्याला टायपिंगचा वर्ग काढायला खोली हवी होती. चार खिडक्यांचीच हवी होती. सावे सरांनी मध्यम मार्ग काढला. डिसेंबरात तपासणी होती. तोवर रजिस्टरात सहाशे नोंदी दिसल्या, तर खोली ग्रंथालयाची. नाही दिसल्या, तर कपाटं जिन्याखाली, आणि विश्राम सरांनी सातवी ब ला भूगोल शिकवायचा. त्या वर्गानं आधीच्या वर्षी दोन भूगोलाचे मास्तर खाल्ले होते. एक बदलून गेले आणि दुसरे कीर्तनाला लागले.

त्या संध्याकाळी घरी जाताना बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीपाशी त्यांचे पाय थांबले. तो टपरीवाला सुतळीवर चित्रकथा वाळत घातल्यासारख्या टांगायचा आणि चार आणे तास या दरानं वाचायला द्यायचा. समोरच्या कट्ट्यावर मुलं ओळीनं बसली होती, मान खाली, तोंड बंद. विश्राम सरांनी नीट पाहिलं तर ती सातवी ब होती. सातवी ब गप्प बसू शकते, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. शाळेत चित्रकथा आणायच्या, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. पण सावे सर म्हणाले, पैसे नाहीत. आणि असते तरी मान्य पुस्तकांच्या यादीत चित्रकथा नाहीत. यादी पाहिली. तीत खरोखरच नव्हत्या. शेळ्या होत्या.

आता सर राहत होते कारखान्याच्या लोकांच्या चाळीत. तिथे सकाळी सहाला नळाला पाणी येई आणि पाण्यापाठोपाठ सल्ले. एकानं सांगितलं, पुस्तकाबरोबर मूठभर चणे द्या. दुसऱ्यानं सांगितलं, जो पुस्तक नेणार नाही त्याला चणे विकायला लावा. शेजारच्या गोजराबाई नगरकडच्या. नळावर त्यांचा पहिला नंबर आणि शेवटचा शब्द. त्या म्हणाल्या, "आवो सर, आधी ती कुलपं काढा. पोरांना वाटतं आत दागिनं हायेत, मग उघडून बघत्यात तर शेळ्या." सरांच्या मंडळींना, शालूबाईंना, हे इतकं पटलं की त्यांनी त्या दिवशी गोजराबाईंना स्वतःची बादली आधी भरू दिली. विश्राम सरांनी मात्र शाळेत जाऊन चारही कुलपं पुन्हा एकदा ओढून पाहिली.

खरा रस्ता दाखवला तो गोजराबाईंच्या नवऱ्यानं, झुंबरनं. तो एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. तिथे नवं मशीन बसवायला जपानहून एक साहेब आला होता. तीन महिने राहिला, किनाऱ्यावरच्या मुरबे गावची मासळी नुसती उकडून खाल्ली, आणि संध्याकाळी गेस्टहाऊसच्या ओट्यावर बसून टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड चित्रांची पुस्तकं वाचली. परत जाताना सगळी इथेच टाकून गेला. सत्तेचाळीस होती. तिकडे त्याला मंगा म्हणतात, असं झुंबर सांगायचा. रद्दीवाला बोलावलाच होता, तेवढ्यात झुंबरनं ती दोन पोत्यांत भरून बाजूला ठेवली.

पण कारखान्याच्या गेटातून सुई बाहेर काढायची तर गेटपास लागतो. झुंबरनं पासावर 'जुनी पुस्तके, नग ४७' असं खरं लिहिलं, आणि खरं लिहिलं म्हणूनच अडकला. गेटवर एक रिटायर सुभेदार होते. त्यांनी पोत्यातलं वरचं पुस्तक उघडलं. पानभर पाच मजली लोखंडी माणूस उभा. पुढच्या पानावर त्याचं पोट उघडलेलं. आत चाकं, पाइप, बॉयलर, आणि बाजूला परदेशी लिपीत बारीक बारीक सूचना. सुभेदारांनी गेट बंद करून घेतलं. मशीनची गुप्त ड्रॉइंगं, आणि ती स्टोअरचा माणूस सायकलवरून नेतोय! झुंबरला दोन तास स्टुलावर बसवला, आणि पोती तपासायला ड्रॉइंग ऑफिसात गेली.

तिथे ती बावीस दिवस राहिली. विश्राम सरांनी शाळेच्या कागदावर तीन अर्ज केले. शेवटी पोती सुटली, बरोबर एक पत्र होतं : सदर ड्रॉइंगांतील यंत्र आपल्या कारखान्यात बसवलेले आढळून येत नाही. पुस्तकं मात्र सेहेचाळीसच निघाली. चौदावं 'अधिक निरीक्षणासाठी' राखून ठेवलं होतं, आणि तिथल्या ड्राफ्ट्समननं झुंबरला कोपऱ्यात घेऊन विचारलं की, साहेब पुन्हा कधी येणार?

इथून पुढे चूक झाली ती विश्राम सरांची. चूक म्हणजे काय, तर नियमानं वागले. ग्रंथालयात पुस्तक आलं की, त्याला तीन शिक्के मारतात : पहिल्या पानावर, सतराव्या पानावर आणि शेवटच्या पानावर. सतराव्याचं कुणाला सांगायचं नसतं. चोरानं पहिलं पान फाडलं तरी तिथे पुस्तक सापडतं. सरांनी रात्रंदिवस एक करून एकशे अडतीस शिक्के मारले. मनगट सुजलं, शालूबाईंनी आंबेहळदीचा लेप लावला. दाखल रजिस्टरात त्यांनी शाईनं सेहेचाळीस वेळा लेखकाच्या रकान्यात 'जपानी' आणि नावाच्या रकान्यात 'चित्रे' लिहिलं, आणि समाधानानं टोपण लावलं. मग झुंबर आला आणि म्हणाला, "सर, तो साहेब पुस्तक ह्या बाजूनं नव्हता उघडत. तो मागनं उघडायचा."

जपान्यांचं पहिलं पान आपल्या शेवटच्या जागी असतं, हे तेव्हा बोईसरमध्ये कोणाला माहीत असणार? सतराव्या पानाचा शिक्का चुकीच्या टोकाकडून मोजून पडला होता. पण शिक्का रद्द करायचा तर समिती लागते, ठराव लागतो, वर मंजुरीला पाठवावं लागतं. तपासणी दोन महिन्यांवर. विश्राम सरांनी खूप विचार केला आणि निर्णय दिला. शिक्का पडला ते पहिलं पान. जपानात काय चालत असेल ते चालो.

म्हणून आमच्या बोईसरला ती सगळी पुस्तकं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली गेली, आणि काय सांगू, काय सुंदर गोष्टी झाल्या त्या! पहिल्याच पानावर रणांगण, प्रेतांचा खच. पान उलटावं तो प्रेतं उठून बसायची. पोटातले भाले बाहेर येऊन शत्रूच्या हातात परत जायचे. जळून गेलेलं गाव विझत विझत उभं राहायचं. दरोडेखोर लुटलेलं धान्य एकेका घरात नेऊन ठेवायचे आणि शेवटच्या पानावर आपल्या आईपाशी गुमान जेवायला बसायचे. मुलांचं म्हणणं पडलं की, जपानी लोक फार चांगल्या वळणाचे.

अडचण एकच उरली. प्रत्येकाच्या तोंडाजवळ पांढरा फुगा, आणि फुग्यात ओल्या वाळूवर चिंबोरी चालून गेल्यासारखी अक्षरं. हा काय बोलतोय? मुरब्याच्या पोरांनी ते दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी एक पुस्तक परत आलं, तर फुग्याफुग्यावर भाताच्या खळीनं कागद चिकटवलेले आणि कागदावर मराठी. चिलखतातला सेनापती मुरब्याचा तांडेल झाला होता आणि होडीवरचं जाळं कुणी फाडलं म्हणून सगळ्यांना जाब विचारत होता. विश्राम सरांनी कपाळाला हात लावला. पुस्तकात लिहिणाऱ्याला दंड, असा नियम होता. पण नियमात चिकटवण्याबद्दल काही नव्हतं, आणि त्या पुस्तकासाठी दाराशी चौदा मुलं उभी होती. सरांनी डोळे मिटून नोंदी केल्या.

मग काय विचारता! डोंगराकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांनी मुरब्याचे कागद सोलून आपले लावले. तांडेलाचा झाला जंगलखात्याचा साहेब, आणि अख्खं सैन्य त्याला विचारू लागलं की, आमची धरून नेलेली कोयती कुठं ठेवली ते सांग. वसाहतीतल्या पोरांनी त्यावर हिंदी लावली. सेनापती ओव्हरटाइम मागू लागला. एकेका पुस्तकाची जाडी दुप्पट झाली. मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या दारात भांडणं : "आमी लिवलंय ते खरं हाय, तुमचं नाय." कुणाचं खरं ते पाहायला जो तो तेच पुस्तक पुन्हा न्यायचा, आणि नेलं की नोंद. दिवाळीपर्यंत चारशे बारा झाल्या. कुलपं कुठे ठेवली ते सर विसरून गेले.

विघ्न आलं ते नळावरून. गोजराबाईंच्या मुलानं भाग तेवीस घरी नेला होता. त्यात केस उडालेली एक राक्षसीण होती, तोंडातून आगीचे लोट निघणारी. आणि फुग्यात होतं, 'माझी बादली कोणी सरकवली?' गोजराबाई तडक शाळेत आल्या. सावे सर जिन्यानं वर गेले ते वरच राहिले. बाईंनी विश्राम सरांसमोर पुस्तक आपटलं आणि हे दाखवायलाच म्हणून पान उलटलं. उलट्या गोष्टीत ती राक्षसीण आग परत गिळत होती. आणखी उलटलं. केस खाली बसले. आणखी आठ पानांनी ती एक साधी बाई होऊन विहिरीवर उभी होती आणि एक म्हातारी तिची घागर उचलू लागत होती. गोजराबाईंनी आपटलेलं पुस्तक हातानं सरळ केलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "हिचा पुढचा भाग कवा येणार?" पालकांना पुस्तक द्यायचा नियम नव्हता. विश्राम सरांनी नोंद केली, पाचशे अठ्ठ्याऐंशी. उषा, तू हसतेस काय? पानं फाटतील.

डिसेंबर उजाडला. नोंदी सहाशे एकवीस. विश्राम सर छाती काढून सावे सरांकडे गेले, तर सावे सरांच्या तोंडचं पाणी पळालेलं. तपासणीच्या साहेबांना रजिस्टर दाखवायचं, म्हणजे पुस्तकं दाखवायची. आणि मान्य यादीत नसलेली सेहेचाळीस पुस्तकं दिसली, तर खोलीबरोबर सावे सरांचं प्रमोशनही जिन्याखाली. शेवटी दोघांनी मिळून युक्ती काढली. सगळ्यांना खाकी कव्हरं घालायची आणि वर असं नाव लिहायचं की कुठल्याही शहाण्या माणसाला आत डोकावावंसं वाटणार नाही. शालूबाई आणि विश्राम सर रविवारभर कव्हरं घालत बसले. नाव दिलं, शेळीपालन. भाग एक ते सेहेचाळीस.

साहेब आले. उंच, किडकिडीत, कमी बोलणारे. देवघेव रजिस्टर उघडलं आणि त्यांची भुवई वर गेली ती खाली येईना. कारखान्यांच्या गावातली मुलं, आणि दोन महिन्यांत सहाशे वेळा शेळीपालन? आता नशीब बघा, साहेबांच्या सासऱ्यांनी त्यांना हौसेनं अकरा शेळ्या दिल्या होत्या आणि त्यातल्या तीन त्याच महिन्यात मेल्या होत्या. साहेबांना त्या विषयात खरंच रस होता. दाराशी सहावीतली मंगळी उभी होती, डोंगराकडच्या पाड्यावरची. साहेबांनी तिला जवळ बोलावून विचारलं की, शेळीपालनातून तू काय शिकलीस?

"मेलेली उठतात, सायब," मंगळी म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "कशानं उठतात?"

"आपोआप. पोटातला भाला भायेर येतो. दुखत पन नाय."

"हे कुठल्या भागात आहे?"

"समद्यांत हाय. पन तेवीस लय चांगला."

सावे सरांनी चिंधूला चहाची खूण केली, विश्राम सरांनी कपाटाला पाठ लावली. पण साहेबांनी हात लांब करून भाग तेवीस काढलाच. खाकी कव्हर उघडलं. शिक्क्याच्या पानावरून वाचायला सुरुवात केली. विश्राम सरांना समोर चार खिडक्या दिसत होत्या आणि त्यांच्यापलीकडे सातवी ब.

चहा आला, निवला. शाळा सुटली. साहेब वाचतच होते. तेवीस संपवून चोवीस घेतला. मध्ये एकदा त्यांनी विचारलं की, हा तांडेल शेवटी जाळ्याचं काय करतो? विश्राम सरांनी ते सांगितलं. मग एकदा त्यांनी मंगळीकडून पेन्सिल घेतली, कागदाचा तुकडा फाडला, काहीतरी लिहिलं आणि एका फुग्यावर स्वतः चिकटवलं. काय लिहिलं ते मी सांगणार नाही, सरकारी गुपित आहे.

आणि अंधार पडता पडता साहेब उठले. शेरेबुकात लाल शाईनं त्यांनी लिहिलं की, असं ग्रंथालय जिल्ह्यात दुसरं नाही आणि चंद्रसूर्य असेपर्यंत ही खोली ग्रंथालयाचीच राहील. चेअरमनच्या जावयाचे आठही टाइपरायटर दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून परत गेले. पुढच्या वर्षी तो जपानी साहेब आला तो आपल्या बारा लोकांना घेऊन, आणि बोईसरची पद्धत शिकून गेला. आता त्यांच्याकडेही अर्धे लोक मागूनच वाचतात, कारण लढाईपेक्षा त्यात बरं वाटतं. आणि विश्राम सर रिटायर होईपर्यंत त्या चार खिडक्यांच्या खोलीत, समुद्राचा वारा खात...

"खोटं," उषा म्हणाली. तिनं हातातलं पान खाली ठेवलं. "नाना, साफ खोटं. त्या चार खिडक्यांच्या खोलीत मी एकोणनव्वद साली टायपिंग शिकलेय. आठच्या आठ मशीन तिथेच होती. बाकं बुटकी होती, म्हणून एकेका मशीनखाली शेळीपालनाचे दोन दोन भाग घातलेले. राऊत सर सकाळी सातवी ब ला भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी दाराशी रजिस्टर मांडीवर घेऊन बसायचे. आम्ही दोघी मशीन उचलून धरायचो, तिसरी वाचायची, आणि सर नोंद करायचे. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेत आमची अख्खी बॅच नापास झाली. जावई डोक्याला हात लावून बसला, आणि सर पेढे घेऊन आले, नऊशे नोंदी झाल्या म्हणून."